आंद्रेआस ग्रुंट्सिग: बंद धमनी उघडणारे डॉक्टर, आणि धमनी उघडल्यानंतरचा प्रश्न

हार्ट अटॅक आलेल्या रुग्णाला तातडीने कॅथ लॅबमध्ये नेलं जातं. नातेवाईक बाहेर बसून असतात. तासाभराने डॉक्टर येऊन सांगतात की ब्लॉक उघडला आहे, स्टेंटही बसला आहे, पण पुढे रक्तप्रवाह हवा तसा आलेला नाही, त्यामुळे दोन-तीन दिवस बारकाईने लक्ष ठेवावं लागेल. घरच्यांना आनंद मानावा की काळजी करावी, हेच कळत नाही. ब्लॉक निघाला असेल तर रक्त पुढे का जात नाही? काही चुकलं का?

मी जनरल फिजिशियन आहे. अँजिओप्लास्टी मी करत नाही. पण असे रुग्ण घरी परतले की पुढच्या तपासणीसाठी आमच्यासारख्या डॉक्टरांकडे येतात आणि हा प्रश्न हमखास निघतो. त्याचं उत्तर नीट समजून घ्यायचं तर ज्यांनी ही उपचारपद्धती शोधली त्या डॉक्टरांच्या आयुष्यातून जाणं मला सोपं वाटतं. त्यांचं नाव डॉ. आंद्रेआस ग्रुंट्सिग. त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली, पण आज जगभरात होणारी प्रत्येक अँजिओप्लास्टी त्यांच्याच कामावर उभी आहे.

युद्धातलं बालपण

ग्रुंट्सिग यांचा जन्म २५ जून १९३९ रोजी जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात झाला. त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच दुसरं महायुद्ध सुरू झालं. वडील विज्ञानाचे शिक्षक होते. युद्धात त्यांना सैन्यात जावं लागलं आणि ते परत आले नाहीत. आईने दोन मुलांना एकटीने वाढवलं. युद्धानंतर काही काळ ती मुलांना घेऊन अर्जेंटिनात ब्वेनोस आयरेसला नातेवाइकांकडे राहिली आणि मग पुन्हा जर्मनीत आली. आंद्रेआस यांचं शालेय शिक्षण लाइपझिगमध्ये झालं. हे शहर तेव्हा पूर्व जर्मनीत होतं. बर्लिनची भिंत उभी राहण्याआधीच ते पश्चिम जर्मनीत निघून गेले आणि हायडेलबर्ग विद्यापीठातून १९६४ मध्ये डॉक्टर झाले.

त्यांच्या शिक्षणातल्या एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. काही काळ लंडनमध्ये राहून त्यांनी साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्राचा अभ्यास केला होता. रुग्ण मोजायचे, उपचारानंतर त्यांचं पुढे काय झालं याची नोंद ठेवायची, यश आणि अपयश दोन्ही सारख्याच काळजीने लिहायचं, ही सवय त्यांना तिथे लागली. पुढे फुग्याच्या शोधाइतकीच ही सवयही महत्त्वाची ठरली.

नळ साफ करण्याची कल्पना

असं सांगितलं जातं की तरुण ग्रुंट्सिग डार्मश्टाट इथल्या रुग्णालयात काम करत असताना पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या एका रुग्णाने त्यांना साधा प्रश्न विचारला: प्लंबर जसा तुंबलेला नळ साफ करतो, तशा माझ्या रक्तवाहिन्या साफ करता येणार नाहीत का? तेव्हा अशा रुग्णांना देण्यासारखं फारसं काही नव्हतं. औषधं, शस्त्रक्रिया, आणि नाहीच जमलं तर पाय कापणं.

या प्रश्नाचं अर्धं उत्तर अमेरिकेत सापडलं होतं. ओरेगन राज्यातल्या पोर्टलँडचे रेडिओलॉजिस्ट डॉ. चार्ल्स डॉटर यांनी जानेवारी १९६४ मध्ये ८२ वर्षांच्या एका बाईंच्या मांडीतली अरुंद धमनी एकात एक बसणाऱ्या, क्रमाने जाड होत जाणाऱ्या नळ्या सरकवून रुंद केली. त्यांच्या पायाला गँगरीन झालं होतं आणि पाय कापायला त्या तयार नव्हत्या. पाय वाचला आणि नंतर त्या स्वतःच्या पायांवर चालल्या. अमेरिकेत डॉटर यांच्याकडे फार कोणी लक्ष दिलं नाही. युरोपातल्या मोजक्या डॉक्टरांनी मात्र ही पद्धत उचलली आणि ग्रुंट्सिग त्यांपैकी एक होते.

१९६९ मध्ये ते स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या विद्यापीठ रुग्णालयात आले. डॉटर यांची पद्धत त्यांनी वापरून पाहिली आणि तिची मर्यादा त्यांच्या लक्षात आली. जेवढी जाड नळी आत घालू तेवढीच धमनी रुंद होते, आणि जाड नळी घालायची तर मांडीला मोठं छिद्र पाडावं लागतं. हृदयाच्या नाजूक धमन्यांत तर हे जमणारच नव्हतं. आत जाताना बारीक असेल आणि योग्य जागी पोचल्यावर फुगेल, असं काहीतरी हवं होतं.

स्वयंपाकघरातली प्रयोगशाळा

फुग्याची कल्पना इतरांनाही सुचली होती. अडचण फुग्याच्या रबरात होती. रबरी फुगा जिथे विरोध कमी तिथे जास्त फुगतो. म्हणजे अरुंद भाग तसाच राहतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंची चांगली धमनी ताणली जाते. ठरलेल्या आकारापर्यंतच फुगेल आणि तिथेच घट्ट राहील, असा फुगा ग्रुंट्सिग यांना हवा होता.

दिवसा रुग्णालयात काम आणि संध्याकाळी घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर प्रयोग, असं दोन वर्षांहून अधिक काळ चाललं. सोबत त्यांच्या पत्नी, सहायक मारिया श्लुम्फ आणि मारिया यांचे पती असत. टेबलावर बारीक नळ्या, ब्लेड, दोरा आणि गोंद पसरलेला असे. झुरिकमधल्या एका निवृत्त रसायनशास्त्रज्ञांनी त्यांना पीव्हीसी हे प्लॅस्टिक सुचवलं. पीव्हीसीची नळी तापवून, दाबाखाली फुगवून त्यांनी शेवटी मनासारखा फुगा बनवला.

१२ फेब्रुवारी १९७४ रोजी त्यांनी तो पहिल्यांदा एका रुग्णाच्या पायाच्या धमनीत वापरला. उपचार यशस्वी झाला. त्यानंतर हृदयाच्या धमन्यांसाठी त्याहून बारीक, दोन पोकळ्या असलेली नळी बनवण्याचं काम सुरू झालं. एका पोकळीतून फुगा फुगवायचा आणि दुसरीतून धमनीतला दाब मोजायचा. ब्लॉकच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब यांत फार फरक असेल तर रक्त नीट पुढे जात नाही. फुगवल्यानंतर तो फरक कमी झाला की उपचार झाला. धमनी रुंद दिसते एवढ्यावर समाधान न मानता पलीकडे काय पोचतंय हे मोजण्याची दृष्टी त्यांच्याकडे पहिल्यापासून होती.

त्याच वर्षी, दुसऱ्या एका प्रयोगशाळेत

१९७४ मध्येच अमेरिकेतल्या डॉ. रॉबर्ट क्लोनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी हृदयाची एक धमनी काही वेळ बांधून ठेवली आणि मग सोडली. ४० मिनिटांनी सोडली तेव्हा त्या भागातल्या स्नायूत रक्त पुन्हा पोचलं. ९० मिनिटांनी सोडली तेव्हा धमनी पूर्ण मोकळी असूनही स्नायूच्या आतल्या काही भागात रक्त गेलंच नाही. तिथल्या केशवाहिन्या, म्हणजे केसांहून बारीक रक्तवाहिन्या, खराब झाल्या होत्या. याला इंग्रजीत नो-रिफ्लो म्हणतात आणि आपल्याकडचे डॉक्टरही हाच शब्द वापरतात.

शेतीची माहिती असलेल्यांना हे लगेच कळेल. कालव्याचं दार अडकलं होतं, ते उघडलं. पण पाणी पिकापर्यंत जातं ते चाऱ्यांमधून आणि सऱ्यांमधून. त्या गाळाने भरल्या असतील तर कालवा भरून वाहत असतानाही शेवटचं शेत कोरडंच राहतं. डार्मश्टाटच्या रुग्णाने विचारलेल्या प्रश्नात नळ होता, शेत नव्हतं.

एका वर्षी झुरिकमध्ये दार उघडण्याचं साधन तयार झालं आणि अमेरिकेत दार उघडून नेहमीच भागत नाही हे दिसलं. हे दोन धागे एकत्र यायला पुढे बरीच वर्षं जावी लागली.

१६ सप्टेंबर १९७७

१९७६ मध्ये ग्रुंट्सिग यांनी कुत्र्यांवरचे प्रयोग अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या परिषदेत मांडले. बहुतेकांना हे अशक्य वाटलं. मोजक्यांना त्यात तथ्य दिसलं. त्यांपैकी डॉ. रिचर्ड मायलर यांच्यासोबत त्यांनी मे १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत बायपास शस्त्रक्रिया चालू असताना, छाती उघडलेली असतानाच, फुगा वापरून पाहिला.

त्यानंतर झुरिकमध्ये योग्य रुग्ण मिळाला. विमा विकणारा, वय ३८ वर्षं. ग्रुंट्सिग यांचं वयही तेव्हा ३८ च होतं. रुग्णाला छातीत दुखायचं आणि हृदयाच्या डाव्या बाजूच्या मुख्य धमनीत एकच, लहानसा पण घट्ट ब्लॉक होता. बायपास हा पर्याय समोर होता. हा नवा उपचार आजवर शुद्धीत असलेल्या कोणत्याच माणसावर झालेला नाही, हे त्याला स्पष्ट सांगितलं गेलं. तो तयार झाला. रुग्णालयाचे शल्यचिकित्सक डॉ. ओके सेनिंग यांनी काही बिघडलं तर लगेच शस्त्रक्रिया करण्याची तयारी ठेवली.

१६ सप्टेंबर १९७७ रोजी ग्रुंट्सिग यांनी फुगा ब्लॉकच्या जागी नेला आणि दोनदा फुगवला. पलीकडचा दाब वाढला. रुग्ण जागा होता आणि त्याची छाती उघडावी लागली नाही. दहा वर्षांनी केलेल्या अँजिओग्राफीत ती जागा मोकळी होती आणि तेवीस वर्षांनंतरही तो माणूस ठीक होता.

अपयश लपवायचं नाही

यशाची बातमी पसरली तसे जगभरचे डॉक्टर झुरिकला येऊ लागले. ग्रुंट्सिग यांच्यासमोर दोन रस्ते होते. चांगल्या केस दाखवायच्या आणि नाव कमवायचं, किंवा सगळंच उघड्यावर ठेवायचं. त्यांनी दुसरा रस्ता घेतला. १९७८ पासून त्यांनी असे अभ्यासवर्ग सुरू केले ज्यांत कॅथ लॅबमध्ये चाललेला उपचार शेजारच्या सभागृहात बसलेल्या डॉक्टरांना टीव्हीवर थेट दिसे. उपचार फसला तर तोही सगळ्यांना दिसे.

१९७९ मध्ये त्यांनी पहिल्या ५० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी सरळ लिहिलं की ५० पैकी ३२ जणांत उपचार जमला, ५ जणांना तातडीने बायपासला न्यावं लागलं आणि ३ जणांच्या ईसीजीत अटॅकच्या खुणा दिसल्या. आजच्या मानाने हे आकडे मोठे वाटतात. पण ते लपवले असते तर कोणत्या रुग्णाला धोका जास्त हे कोणालाच कळलं नसतं. त्याच वर्षी अमेरिकेत सगळ्या अँजिओप्लास्टींची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. ग्रुंट्सिग यांनी तिला पाठिंबा दिला आणि आपले रुग्ण त्यात नोंदवले.

रुग्ण निवडतानाही ते सावध होते. एकाच धमनीतला, लहान, मऊ, सहज पोचता येईल असा ब्लॉक. छातीत दुखतं पण प्रकृती स्थिर आहे, असेच रुग्ण त्यांनी सुरुवातीला घेतले. अटॅक चालू असलेल्या रुग्णासाठी त्यांनी ही पद्धत काढली नव्हती.

अटॅकच्या वेळी धमनी उघडणं

ते काम इतरांनी पुढे नेलं. १९७९ मध्ये जर्मनीतल्या गॉटिंगेन इथे डॉ. पीटर रेन्ट्रॉप यांनी अटॅक चालू असताना हृदयाच्या धमनीत थेट गुठळी विरघळवणारं औषध सोडलं. १९८० मध्ये अमेरिकेतल्या डॉ. मार्कस डीवूड यांनी अटॅक सुरू झाल्यापासून चार तासांच्या आत तपासलेल्या १२६ रुग्णांपैकी ११० जणांची धमनी पूर्ण बंद असल्याचं दाखवलं. तोवर गुठळी आधी की अटॅक आधी, यावरच वाद होता. कॅन्सस सिटीच्या डॉ. जेफ्री हार्ट्झलर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अटॅक चालू असलेल्या रुग्णांवर थेट फुगा वापरायला सुरुवात केली. आज आपण ज्याला तातडीची अँजिओप्लास्टी म्हणतो ती हीच.

इथे ते दोन धागे जोडले गेले. स्थिर रुग्णाच्या ब्लॉकच्या पलीकडचा स्नायू जिवंत असतो. अटॅकमध्ये तो उपाशी पडलेला असतो आणि धमनीत ताजी गुठळी असते. अशा वेळी धमनी उघडली की चार गोष्टी घडू शकतात:

- फुगा किंवा स्टेंटच्या दाबाने गुठळीचे आणि चरबीचे बारीक कण सुटून पुढच्या लहान वाहिन्यांत अडकतात.
- बराच वेळ ऑक्सिजन न मिळाल्याने केशवाहिन्यांचं अस्तर आणि भोवतालचा स्नायू सुजतो आणि वाहिन्या बाहेरून दाबल्या जातात.
- रक्त अचानक परत आल्यावर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स तिथे चिकटतात, वाहिन्या आकसतात आणि सूज वाढते.
- मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांच्या लहान वाहिन्या आधीच कमकुवत असतात.

म्हणून धमनी मोकळी दिसूनही पुढे रक्त कमी जातं, तेव्हा बहुतेक वेळा यात डॉक्टरांची चूक नसते आणि स्टेंटही खराब नसतो. नुकसानाची सुरुवात बऱ्याचदा रुग्ण दवाखान्यात पोचण्याआधीच झालेली असते.

शेवटची वर्षं

१९८० मध्ये ग्रुंट्सिग अमेरिकेत अटलांटा इथल्या एमरी विद्यापीठात गेले. झुरिकमध्ये त्यांना हव्या तेवढ्या खाटा आणि कॅथ लॅबचा वेळ मिळत नव्हता. अटलांटात त्यांनी खूप काम केलं, शेकडो डॉक्टरांना शिकवलं. फुग्याने रुंद केलेली धमनी काही महिन्यांत पुन्हा अरुंद होते, अंदाजे तिघांपैकी एका रुग्णात, ही अडचणही त्यांनी पाठपुरावा करूनच मोजली. तिच्यावर पुढे स्टेंटचा उपाय आला. तो पाहायला ते राहिले नाहीत. हृदयाच्या धमनीत पहिला स्टेंट १९८६ मध्ये बसला.

ते स्वतः विमान चालवत. २७ ऑक्टोबर १९८५ रोजी खराब हवामानात अटलांटाकडे परतताना जॉर्जिया राज्यात त्यांचं विमान कोसळलं. ते आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट ॲन दोघेही गेले. त्यांचं वय ४६ होतं.

त्याच १९८५ मध्ये अमेरिकेतल्या टिमी नावाच्या अभ्यासगटाने धमनीतल्या प्रवाहाला ० ते ३ अशी श्रेणी देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ० म्हणजे रक्त पुढे जातच नाही, ३ म्हणजे प्रवाह नेहमीसारखा. आजही अँजिओप्लास्टीच्या रिपोर्टमध्ये टिमी ३ असं लिहिलेलं दिसतं ते हेच. १९९२ मध्ये जपानमधल्या ओसाका इथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या खास तंत्राने दाखवलं की अटॅकनंतर धमनी उघडलेल्या जवळपास चौघांपैकी एका रुग्णात स्नायूच्या आत रक्त पोचलेलं नसतं आणि अशा रुग्णांचं हृदय नंतर कमी सावरतं. १९९८ मध्ये नेदरलँड्समधल्या झ्वोले शहरातल्या डॉक्टरांनी स्नायूत डाय किती भरतो यावरून अंदाज बांधण्याची पद्धत दिली. ग्रुंट्सिग यांनी लावलेली मोजण्याची आणि नोंदवण्याची शिस्त आता धमनीच्या पलीकडच्या वाहिन्यांपर्यंत पोचली होती.

धोका कोणाला जास्त, हे आधी कसं ओळखतात?

हजारो रुग्णांच्या नोंदींतून काही खुणा पुन्हा पुन्हा पुढे आल्या आहेत:

- छातीत दुखायला लागल्यापासून धमनी उघडेपर्यंत गेलेला वेळ. ही सगळ्यात महत्त्वाची खूण आहे.
- अँजिओग्राफीत धमनी पूर्ण बंद असणं आणि गुठळी मोठी असणं.
- जास्त वय.
- दाखल होताना रक्तातली साखर जास्त असणं, आधी मधुमेह नसला तरी.
- दाखल होताना रक्तदाब कमी असणं, किंवा फुप्फुसात पाणी भरल्याची लक्षणं असणं.
- किडनीचं काम कमी असणं.
- रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या असणं.

यांतल्या काही खुणा एकत्र करून गुण काढायची कोष्टकं डॉक्टरांनी तयार केली आहेत. आता संगणकाच्या मदतीनेही असे अंदाज बांधण्याचे प्रयत्न चालू आहेत. पण असा अंदाज गटाबद्दल सांगतो. धोका जास्त असलेल्या अनेकांचा प्रवाह चांगला येतो आणि धोका कमी असलेल्या एखाद्याचा येत नाही. तो भविष्य सांगण्यासाठी नसून तयारीसाठी असतो.

धोका जास्त वाटला तर डॉक्टर फुगा कमी वेळा आणि बेताने फुगवतात, गुठळीवरची तीव्र औषधं जवळ ठेवतात, आणि प्रवाह मंदावलाच तर अडेनोसिन, नायट्रोप्रुसाइड किंवा व्हेरापामिलसारखी लहान वाहिन्या सैल करणारी औषधं थेट धमनीत देतात. गुठळी नळीने ओढून काढणं हा पूर्वी सरसकट केला जाणारा उपाय होता. मोठ्या अभ्यासांत सगळ्यांनाच त्याचा फायदा होत नाही असं दिसल्याने आता तो निवडक रुग्णांतच वापरतात. नो-रिफ्लो हमखास बरा करणारं एकही औषध अजून नाही. म्हणून तो होऊ नये यावरच भर असतो.

उपचारानंतर तास-दीड तासाने पुन्हा ईसीजी काढतात. आधी वर गेलेली रेघ निम्म्याहून अधिक खाली आली असेल तर स्नायूपर्यंत रक्त पोचल्याचं ते चांगलं लक्षण आहे. खाली आली नसेल तर रुग्णाला आयसीयूत जास्त जपून ठेवतात, कारण अशा हृदयात पंपिंग कमी होणं, ठोके बिघडणं, हृदयाच्या कप्प्यात गुठळी होणं यांचा धोका वाढतो. इको तपासणी लगेच आणि पुन्हा काही आठवड्यांनी करतात. सुरुवातीला कमी दिसलेलं पंपिंग औषधांनी काही आठवड्यांत सुधारताना आम्ही नेहमी पाहतो, त्यामुळे पहिल्या रिपोर्टवरून धीर सोडू नये.

घरच्यांच्या हातात काय आहे?

वरच्या यादीतलं वय तुम्ही बदलू शकत नाही. वेळ मात्र बदलू शकता. छातीत दाब, जडपणा किंवा जळजळ, हात-जबडा-पाठीत जाणारी कळ, दरदरून घाम, अचानक दम लागणं, यांपैकी काहीही असेल तर गॅस किंवा ॲसिडिटी म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. मधुमेही रुग्ण, वयस्कर माणसं आणि स्त्रिया यांच्यात दुखणं सौम्य असू शकतं. महाराष्ट्रात १०८ वर रुग्णवाहिका मिळते. रुग्णाने स्वतः गाडी चालवत जाऊ नये. जवळ कॅथ लॅब नसेल आणि तिथे पोचायला दोन तासांहून जास्त लागणार असतील, तर जवळच्या रुग्णालयात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन घेऊन मग पुढे जाणं अनेकदा योग्य ठरतं. आधी मोठ्या शहरात नेऊ या असा आग्रह अशा वेळी महागात पडतो.

कॅथ लॅबच्या बाहेर डॉक्टर भेटले की हे चार प्रश्न विचारा:

- उपचाराआधी आणि नंतर प्रवाहाची टिमी श्रेणी किती होती?
- नंतरच्या ईसीजीत सुधारणा दिसते का?
- इकोत पंपिंग किती आहे आणि पुढचा इको कधी?
- घरी गेल्यावर कोणत्या लक्षणांवर लगेच परत यायचं?

घरी आल्यावर रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या स्वतःहून बंद करू नका, अगदी दात काढायचा असला तरी आधी विचारा. रोज सकाळी वजन पाहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पायाला सूज आली, आडवं झाल्यावर दम लागला, चक्कर आली किंवा पुन्हा छातीत दुखलं तर थांबू नका. तंबाखू आणि विडी-सिगारेट पूर्ण बंद. चालणं डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे हळूहळू वाढवा.

ग्रुंट्सिग यांनी धमनी उघडायला शिकवलं, आणि उघडल्यानंतर पलीकडे काय होतं ते मोजायला व खरं ते लिहायलाही शिकवलं. म्हणून आज डॉक्टर बाहेर येऊन प्रवाह कमी आहे असं स्पष्ट सांगतात, तेव्हा ते वाईट बातमी देत असले तरी पुढची काळजी त्यातूनच ठरते. ते ऐका, वरचे प्रश्न विचारा, आणि उत्तरं लिहून ठेवा. पुढच्या भेटीत ती उपयोगी पडतात.

ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. औषधं सुरू करणं, बदलणं किंवा थांबवणं हे तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.